शेपटीचं क्रियापद

ऑल्स्टनच्या वाचनालयात गुरुवारी संध्याकाळी
हीटर आधी खोकतो, मग तापतो.
ईनिड टीसडेल, निवृत्त पोस्टमास्तरीण,
फळ्यावर एकच शब्द लिहिते : फॉन.
हरणाचं पाडस नव्हे, म्हणते, ते वेगळं.
हे क्रियापद आहे.
आणि अर्थ सांगण्याऐवजी
करूनच दाखवते,
खांदे आत, मान एका अंगाला,
तळव्यावर तळवा चोळत
रिकाम्या खुर्चीपुढे वाकून :
'काय देखणा कोट, सर! काय देखणी छत्री!'

सहा जण हसतात.
सातवी मी, मागे,
पावणेआठच्या बसची वाट बघत बसलेली.

सवयीने वहीत लिहिते : गोंडा घोळणे.
त्याखाली : लांगूलचालन.
आणि दचकते.
गोंडा तो शेपटीचा, लांगूल म्हणजेही शेपूटच.
अग्रलेखांतून इतकी वर्षं वाचला हा शब्द,
त्याची शेपटी हलताना
कधी दिसली नव्हती.

ईनिड सांगते, याला सरळ कर्म चालत नाही.
मध्ये एक बारकं अव्यय लागतं :
साहेबावर, पाहुण्यांभोवती.
(आपलंही तेच. पुढेपुढे करणे, मागेमागे करणे.
नुसत्या दिशा. माणूस कुठेच नाही.)

आता वाक्यं करा.

हालिना वाचते :
'माझी सासू डॉक्टरवर फॉन करते,
डॉक्टर गोळी तीच देतो.'
शाब्बास.

तेस्फालेम एरिट्रियाचा.
हॉटेलात वर्षभर भांडी घासून
परवाच काउंटरवर आला.
त्याच्या खिशात मॅनेजरने भरलेलं कार्ड आहे :
पाहुण्यांना प्रसन्न करतो का?
पाचपैकी दोन.
तो उभा राहून वाचतो :
'सहा वर्षांनी न्यूकॅसलच्या विमानतळावर
माझ्या बहिणीने मला फॉन केलं.'

लाल पेन उघडतं.
नाही रे बाळा. तिला काही हवं होतं का तुझ्याकडून?

नाही. तिनेच बूट आणले होते माझ्यासाठी,
एक नंबर लहान.
ती पळत आली, कण्हली,
मानेचा वास घेतला माझ्या,
अंगभर हलत होती.
तुम्हीच म्हणालात मागच्या गुरुवारी,
कुत्रा करतो तसं.

ईनिड पेन मिटते.
संदर्भाच्या कपाटातून जाडजूड कोश काढते,
तो तिच्या मांडीवर मूल बसावं तसा बसतो.
अंगठा ओला करून पानं उलटते.
मग बराच वेळ बोट एका ओळीवर.
हीटरही गप्प.

'इथे लिहिलंय,' ती वाचते,
'मूळ अर्थ : आनंदणे.
मग : कुत्र्याने शेपूट हलवून, पाय चाटून
आनंद दाखवणे.
मग...'
मग माणसांनी उसना नेला शब्द,
आणि परत केला तो असा, मळवून.

'एकतीस वर्षं खिडकीमागे होते मी,'
ती फळ्याकडे बघून म्हणते.
'इन्स्पेक्टर आला की चांगला कप काढायचे, बिस्किटं, हसू.
आणि मंगळवारी म्हातारा जॉपलिंग यायचा
पेन्शन घ्यायला, चिखलाच्या बुटांनी,
तेव्हाही हसायचे.
कप नव्हता, बिस्किट नव्हतं.
पण चेहरा तोच होता.
दुसरा कुठून आणणार?'

कुणी काही बोलत नाही.
हालिना खोडरबराचे कण गोळा करते.

तेस्फालेमच्या वहीत ईनिड
बरोबरची खूण करत नाही, फुलीही नाही.
पेन्सिलीने लिहिते :
'वाक्य ठीक. तुला यायला
सहाशे वर्षं उशीर झाला.'

बाहेर सायकलींच्या कठड्याला
तिचा म्हातारा कोली बांधलेला, एका पायाने अधू.
दार उघडताच तो शेपटीपासून सुरू होतो
आणि नाकापर्यंत हलत येतो.
ईनिडच्या, माझ्या, हालिनाच्या हातावर,
कुणाकडे काय आहे हे न हुंगता.
मग तेस्फालेमच्या गुडघ्यांवर,
काळ्या इस्त्रीच्या विजारीवर दोन्ही पंजे.

त्याला आठ वाजता काउंटरवर उभं राहायचंय.
तरी तो चिखलात उकिडवा बसतो,
कान पकडून कुत्र्याला म्हणतो,
पाचपैकी पाच.